आजीबाईंचं अंथरूण

"गिळली! आख्खी ट्रॉली गिळली या रेबड्यानं!" मोतद्दाराने फावडं आपटलं. तबेल्यामागच्या आवारात त्याने परवाच मोठ्या हौसेने वाळू पसरली होती, आणि आज तिथे पुन्हा घोटाभर चिखल. वाळूचा कण दिसेल तर शपथ!

तबेला त्याच्या थोरल्या बहिणीचा. ती दारातूनच म्हणाली, "चिखलावर वाळू टाकलीस तर दुसरं काय होणार? चिखल तेवढा वाढला."

"मग आधी का नाही बोललीस, ताई?"

"बोलले नाही होय! तू ऐकतोस कुणाचं?"

हे मात्र खरं. घोड्यांच्या बाबतीत हा गडी कुणाच्या बापाचं ऐकत नसे. शिवाय या वेळी त्याच्या जिवाला घोर लागला होता. आत आजीबाई उभ्या होत्या.

आजीबाई म्हणजे करड्या रंगाची म्हातारी घोडी. तिच्या पाठीवर बसून कितीतरी पोरं घोडा शिकली, आणि तिने एकालाही पाडलं नाही. पण फाटकापाशी चिखलात तिचे पाय घसरले, ती बसली ती उठेचना. शेवटी पट्टे लावून तिला बाहेर काढावं लागलं. तेव्हापासून तिने आडवं होणंच सोडलं. घोडं उभ्या उभ्या डुलकी काढतं, पण गाढ झोप हवी तर त्याला अंग टाकावंच लागतं. आजीबाई पेंगता पेंगता पुढे कोलमडत आणि दचकून सावरत. गुडघे पार सोलवटले होते. आत भुशाची जाड गादी करून पाहिली, पण चार भिंतींत अंग टाकायचा तिला धीर होईना. जनावरांचे डॉक्टर स्पष्टच म्हणाले, "बाहेर मोकळ्यावर झोपली तर झोपली. नाहीतर फार दिवस निघायचे नाहीत."

मग भाऊ-बहीण कामाला लागले. चिखल खरवडून कडक जमीन गाठली, पाण्याला उतार दिला. खडी मातीत रुतू नये म्हणून आधी जाड कापड अंथरलं, त्यावर खडी दाबून बसवली. आता वर काय घालायचं, यावरून जुंपली.

"लाकडाच्या ढलप्या," तो म्हणाला. "मऊ. टेकून पाहिलेत, माझ्या गुडघ्यांना विचार."

"त्या ओल्या झाल्या की घसरतात. वाळूच बरी. फक्त चारा वाळूवर टाकायचा नाही, पोटात जाते."

"वाळूचं नाव काढू नकोस!"

"अरे, झोपायचंय कुणाला? तुला की तिला? मग तिलाच विचार की!"

त्याने तीन ऐसपैस तुकडे केले: एकावर ढलप्या, एकावर दगडाची बारीक कच, एकावर वाळू. दार उघडलं आणि दोर सोडून दिला.

आजीबाई उंबऱ्याशी थबकल्या. खाली मान घालून हुंगलं, एक खूर पुढे टाकला. ढलप्या पायाखाली हलल्या तसा मागे घेतला. मोतद्दाराचं तोंड उतरलं. कचेवरून त्या सरळ चालत गेल्या, थांबल्यासुद्धा नाहीत. वाळूवर आल्या, खुराने उकरलं, दाबून पाहिलं, गोल फिरल्या. आणि नुसत्याच उभ्या राहिल्या.

तेवढ्यात पलीकडून उपद्व्या आला. हा तरणा घोडा म्हणजे तबेल्याची डोकेदुखी. येणाऱ्याजाणाऱ्याचा खांदा चावायचा आणि चाऱ्यावरून आजीबाईंना हुसकायचा.

"मेलो! आता हा तिला पळवणार." मोतद्दार धावणार, तोच ताईने त्याची बाही धरली. "थांब जरा."

उपद्व्या वाळूच्या कडेला थांबला. आजीबाईंकडे पाठ केली, फाटकाकडे तोंड करून कान टवकारले आणि तसाच उभा राहिला.

मग आजीबाईंचे गुडघे वाकले. एवढं थोरलं धूड, पण अलगद खाली आलं. त्यांनी एकदा लोळून घेतलं, जोरात फुरफुरल्या, कुशीवर आडव्या झाल्या आणि मान वाळूवर टेकवली. थोड्या वेळाने पाय हलू लागले, झोपेत कुठेतरी दौडत असल्यासारखे. आणि चक्क घोरू लागल्या!

जन्म घोड्यांत गेला होता मोतद्दाराचा. झोपलेलं घोडं त्याने काय थोडं पाहिलं होतं? पण आज त्याच्या अंगावर काटा आला. कळपातलं एक झोपलं की दुसरं राखण करतं, हे त्याला ठाऊक होतं. पण या द्वाड पोराला हे शिकवलं कुणी? त्याने हळूच पायातले जड बूट काढले, अनवाणी जाऊन उपद्व्याच्या शेजारी उभा राहिला. उपद्व्या त्याला चावला नाही.

ताई आत गेली, चहा घेऊन आली. हाक मारायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. ते दोघे पाठमोरे उभे होते, मागे म्हातारी घोरत होती. किती दिवस उरलेत हिचे, कोण जाणे. ताईने चपला दाराशी काढल्या आणि कप हातात धरून तीही त्यांच्या ओळीत जाऊन उभी राहिली. चहा तसाच गार होत गेला.