आकारामचा अंगठा

"सगळं समजतं, पण हा उंचवटा कशासाठी आहे, ते आमच्याकडं कुणालाच सांगता येत नाही," ऋतुराज म्हणाला आणि टेबलावरच्या बिडाच्या हौसिंगवरून त्यानं बोट फिरवलं.

भूपाल मगदूम केबिनच्या दारात उभा होता. त्यानं अनुजाताईंकडं पाहिलं. अनुजाताईंनी पंख्याकडं पाहिलं. गोकुळ शिरगावची ही फौंड्री त्यांना वडिलांकडून मिळाली होती आणि फौंड्रीबरोबर हे गुपितही. पकड बसायला असेल, असं काहीतरी त्या पुटपुटल्या, आणि तुमच्याच ड्रॉइंगमध्ये आहे की, असं वर ऐकवलं. ड्रॉइंगमध्ये होतं हे खरंच.

तो मोटारी बनवणाऱ्या कंपनीचा माणूस, पुण्याहून आलेला. त्याच्यापुढं होतं ते हौसिंग म्हणजे कंपनीच्या मोठ्या गाडीत मागच्या दोन चाकांच्या मधे बसणारं, कलिंगडाएवढं बिडाचं घर. त्या गाडीचं इंजीन पुढं, पण गाडी चालते मागच्या चाकांच्या जोरावर. इंजिनाची ताकद एका लांब दांड्यावरून मागं येते आणि ह्या घरातल्या दातेरी चाकांतून दोन्ही चाकांना वाटून मिळते. ह्या घराचा पॅटर्न भूपालच्या हातचा. पॅटर्न म्हणजे लाकडात घडवलेला हुबेहूब नमुना. मोल्डर तो वाळूत दाबून साचा काढतो आणि साच्यात बिडाचा रस ओततात. मिसरूड फुटल्यापासून भूपालनं दुसरं काही केलं नव्हतं, आणि करावं असं त्याला वाटलंही नव्हतं.

त्याच्या पॅटर्नवर साचे भरायचा तो आकाराम. शाळेचं तोंड न पाहिलेला, पण सहीची हौस दांडगी. साचा पुरा झाला की पुढं मशीन फिरणार नाही असा कोपरा बघून तो वाळूत अंगठा दाबायचा. मग बिडावर तेवढाच फुगवटा यायचा. अनुजाताईंचे वडील ओरडायचे आणि आकाराम दात काढायचा. "गाडी कुठं कुठं फिरती, मालक. आमी कुठं जातोय? अंगठा तरी जाऊ दे की."

उन्हाळ्यातल्या एका दुपारी त्यानं असाच साचा भरला, अंगठा दाबला आणि भिंतीला टेकून डोळे मिटून बसला. रस तयार झाल्यावर कुणीतरी त्याला उठवायला निघालं, तर भूपालच म्हणाला, झोपू दे रे, दमलाय. आकारामच्या पुढ्यात, आकारामच्याच साच्यात रस ओतला गेला. रसाचा लाल उजेड त्याच्या तोंडावर नाचला. तो केव्हाच गेलेला आहे, हे भांडं रिकामं झाल्यावर कळलं. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं, कुणी काही करू शकलं नसतं.

दुसऱ्या दिवशी साचा फोडला, तर हौसिंगवर अंगठा होता. भूपालनं मेणात त्याचा ठसा घेतला आणि तसाच फुगवटा पॅटर्नवर कायमचा बसवून टाकला. कुणाला विचारलं नाही. तेव्हापासून साचा कुणीही भरो, अंगठा आकारामचा. कंपनीच्या तपासनिसाला वाटलं हे असंच असायचं असतं, म्हणून नवं ड्रॉइंग काढताना त्यानं ते कागदावरही चढवलं. पुढं एका नव्या मोल्डरनं एका खेपेच्या मालावरचा तो फुगवटा कानशीनं घासून काढला, तर सगळा माल नापास होऊन परत आला.

ह्यात हसण्यासारखं पुष्कळ होतं, पण भूपालला कधी हसू आलं नाही. ओतकामाच्या दिवशी भिंतीपाशी तंबाखूचा वास यायचा. रस साच्यात उतरत असताना कानामागून कुणीतरी 'सावकास' म्हणायचं, अगदी आकाराम म्हणायचा तसं. हे त्यानं बायकोला सांगितलं नव्हतं आणि बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, मुनी आले तेव्हा त्यांनाही नाही. आकारामच्या येण्याची त्याला भीती नव्हती. तो यायचा थांबेल, ह्याची मात्र होती.

आणि आज सकाळी आल्याआल्या ऋतुराजनं सांगितलं होतं की कंपनीत ह्या गाडीवरून दोन तट पडलेत. एक म्हणतो, एवढ्या मोठ्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या काढायचं बंद करा. दुसरा म्हणतो, गाडी म्हणावी तर हीच, बाकीचे सगळे डबे. दुपार टळल्यावर ऋतुराज पुढं बेळगावला निघाला. जाताना भूपालला कागलला सोडाल का, असं अनुजाताईंनीच विचारलं. कागलला आकारामची बायको बयाबाई हायवेला लागून चहा-भाकरीचं छपरी हॉटेल चालवायची आणि भूपाल दर आठवड्याला तिथं जाऊन बसायचा, हे फौंड्रीत सगळ्यांना ठाऊक होतं. संध्याकाळी ते दोघं रस्त्याकडं तोंड करून बसत. पोटात आकारामचा अंगठा असलेली तशी लांबलचक गाडी गेली की बयाबाई म्हणे, "गेलं बघा, अण्णा." भूपाल मान हलवी. बाईला तेवढाच आधार, असं त्याला वाटे. ही गाडी बंद झाली तर तिनं बघायचं काय, ह्या काळजीनं तो सकाळपासून जेवला नव्हता.

ऋतुराजकडं तीच गाडी होती. आयुष्यभर जिच्या पोटातलं हाड घडवलं, तिच्यात भूपाल आज पहिल्यांदा बसला. चपला बाहेर काढाव्यात की काय, असं त्याला क्षणभर वाटलं. हायवेला लागल्यावर ऋतुराजनं ॲक्सिलरेटरवर पाय दिला.

"बघा अण्णा, पुढून ओढणारी गाडी वेगळी नि ही वेगळी. मागून कुणीतरी हात लावून ढकलल्यासारखं वाटतं की नाही?"

भूपालच्या पाठीत खरोखरच कुणीतरी तळवा टेकवला होता. थंडगार काचा लावलेल्या त्या गाडीत तंबाखूचा वास दरवळला. त्यानं मागं वळून पाहिलं. मागची सीट रिकामी होती.

"तुमचं मत काय?" ऋतुराजनं विचारलं. "काढाव्यात का अशा गाड्या अजून?"

"काढा की," भूपाल घाईनं म्हणाला. "बंद करू नगासा."

ऋतुराजला वाटलं म्हाताऱ्याला पोटाची काळजी. मग तो मोकळेपणानं बोलत राहिला. त्याचं मन म्हणत होतं, चालू ठेवावी. पण गाडी जड, तेल पिणारी. दांडा मधून जातो म्हणून मागच्या मधल्या माणसानं गुडघे पोटाशी घेऊन बसायचं, आणि पावसात नवख्याच्या हातात हिची शेपटी सरकते. अशा गाड्या काढायच्या ठरल्या तरी पुढची विजेवरची असेल; तीही मागच्या चाकांवरच चालेल, पण तिची मोटर तिथंच मागं बसणार आणि तिचं घर ॲल्युमिनियमचं. तट कुठलाही जिंको, हे बिडाचं हौसिंग मात्र दसऱ्यानंतर लागणार नव्हतं. पॅटर्न कंपनीच्या मालकीचा, तो न्यायला ट्रक येईल आणि पुढं तो मोडीत जाईल. अनुजाताईंना हे सकाळीच सांगून झालं होतं. भूपालला सांगायचा धीर त्यांना झाला नसावा.

कागल आलं. हॉटेलापाशी उतरल्यावर भूपालनं ऋतुराजला हात जोडून गळ घातली की आमच्या वैनींना एकदा आत बसू द्या. बयाबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आली. ती नको नको म्हणत होती, पण भूपालचा चेहरा बघून पदराला हात पुसून मागच्या सीटवर टेकली. दोन्ही हात मांडीवर ठेवून, दवाखान्यात पाळी येईपर्यंत बसतात तशी, थोडा वेळ बसली. मग उतरून तिनं पावण्याला चहा दिला. चहा पिऊन ऋतुराज बेळगावकडं निघून गेला.

बयाबाईनं लगबगीनं भूपालपुढं ताट मांडलं. कांदा-लसूण न घातलेली मुगाची आमटी, वर तुपाची धार, गरम भाकरी. दिवस मावळल्यावर भूपाल पाण्याचा थेंबही घेत नसे, म्हणून तो आला की ती आधी चुलीकडं धावे.

"दिस बुडायच्या आत चार घास खावा."

भूपालनं भाकरी मोडली आणि तशीच हातात धरली. हौसिंग बंद होणार, पॅटर्न मोडीत जाणार, आता अंगठा कुठंच उमटायचा नाही, हे त्यानं ताटाकडं बघत सांगून टाकलं. बाई आता रडेल म्हणून तो थांबला.

बयाबाई चुलीतलं लाकूड मागं ओढत होती. "बरं झालं," ती म्हणाली.

भूपालनं वर पाहिलं.

"राग मानू नगा, अण्णा. मला कवाच ते बरं वाटलं न्हाय. माणूस जल्मभर राबलं. मेल्यावर बी त्येला रस्त्यानं पळवत ठेवायचं, ऊन न्हाय, पाऊस न्हाय?" ती लुगड्याचा पदर सारखा करत खाली बसली. "माझं रडून झालं त्याच वर्षी. पोरं हुती पदरात, थांबून चालणार हुतं व्हय?"

"मग तुमी गाड्या बघत हुता त्या..."

"तुमी बघत हुता म्हणून. गाडी गेली की तुमचं त्वांड कसं हुयाचं! म्हणलं, अण्णांना तेवढाच आधार. माझं काय जातंय 'गेलं बघा' म्हणायला?" मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "आता थांबू दे त्यास्नी. तुमी बी थांबा."

भूपालला काहीतरी बोलायचं होतं. आकाराम अजून येतो, मला हाक देतो, आत्ता गाडीतसुद्धा होता, असं सांगायचं होतं. पण सांगायचं कुणाला? सगळ्या जगात ज्या एका माणसासाठी आपण त्याला धरून ठेवलं असं तो समजत होता, ते माणूस समोर बसून त्याच्याकडं कीव करून बघत होतं. भिंतीला टेकून बसलेल्या त्या मित्रापाशी इतकी वर्षं आपण एकटेच बसलो होतो, हे त्याला कळलं. त्यानं वास घेऊन पाहिला. धुराचा होता, भाकरीचा होता. दुसरा कसलाच नव्हता.

उसाच्या फडापलीकडं सूर्य टेकला आणि बघता बघता गेला. आमटीवर तुपाची साय धरली होती. मोडलेला घास भूपालच्या बोटांत होता तसाच होता.

बयाबाईनं एकदा आभाळाकडं पाहिलं. त्याच्या हातातून तिनं हळूच तो घास काढून घेतला, ताटावर दुसरं ताट झाकलं आणि का खाल्लं नाही म्हणून विचारलं नाही. मग ती त्याच्या शेजारी बाकड्यावर येऊन बसली. हायवेवर दिवे लागले होते आणि गाड्या एकामागून एक जात होत्या. त्यांतली लांब कुठली नि आखूड कुठली, हे दोघांपैकी कुणीच बघत नव्हतं.