पैजेची माद्रिना

“दोन्या तोमासा, तुम्ही माझी माद्रिना व्हाल का?”

हा प्रश्न मी विचारला खरा, पण तो माझा नव्हता. तो नोएमी आणि यारेत्सीचा होता. दोघी कुंपणाच्या निवडुंगामागं ओणव्या बसून तोंडात शालीचा बोळा कोंबून हसत होत्या. पैज अशी होती, की अख्ख्या सान इसिद्रो गावात जिच्या जिभेला पाद्रीबाबासुद्धा टरकतात त्या बाईला मी हे विचारायचं आणि तिच्या शिव्या संपेस्तोवर जागचं हलायचं नाही. जिंकले, तर शाळा संपेपर्यंत माझ्या वाट्याचा वर्ग त्या झाडणार.

दोन्या तोमासा टर्क्यांसाठी कोंडा भिजवत होती. हात कोपरापर्यंत बरबटलेले. तिनं मान वर केली. आधी माझ्या पायांकडं पाहिलं, मग वेणीकडं, मग तोंडाकडं.

“एवारिस्तोची पोर न्हवं तू? त्या टर्कीचोराची?”

“हो. सित्लाली.”

“आन् तुझी माद्रिना व्हऊ? मी?”

“हो.”

मी डोळे मिटून घेतले. आता कोंड्याची बादली येणार अंगावर! पण बादली काही आली नाही. नुसत्या टर्क्या गुरगुरत होत्या. डोळे किलकिले करून बघते तर बाई एप्रनला हात पुसतेय. एकेक बोट, दोन्ही बाजूंनी.

“कवा हाय कार्यक्रम?”

“येत्या शुक्रवारच्या पुढच्या शुक्रवारी. सकाळी.”

“बरं. व्हते. जा आता. आन् फाटक नीट लाव, न्हाईतर टर्क्या भाईर पडतील. तुझा बाप टपलेलाच हाय.”

निवडुंगामागं आता कुणी हसत नव्हतं. नोएमी तर पांढरीफटक.

“मेलीस तू,” यारेत्सी म्हणाली. “अगं, ती हो म्हणाली!”

आमच्याकडं शेवटचं वर्ष संपवणारं प्रत्येक पोर निरोपाच्या दिवशी आपल्या माद्रिनाचा नाहीतर पाद्रिनोचा, म्हणजे मानलेल्या आईचा नाहीतर बापाचा, हात धरून मांडवात येतं. ती फुलं देते, भेट देते, प्रमाणपत्र घेताना शेजारी उभी राहते. आणि सगळं झालं की ती आणि पोराचे आईबाप गळाभेट घेऊन एकमेकांना सोयरे मानून बाईला कोमाद्रे, बाप्याला कोम्पाद्रे म्हणतात. एकदा तो शब्द तोंडातून गेला की भांडण कायमचं बंद. कोम्पाद्रेशी भांडणाऱ्याचं शेत गारा हुडकत येतात, असं गाव मानतं. विचारलेलं मागं घेता येत नाही. मिळालेला होकार तर नाहीच नाही. पैज असो की आणखी काही असो.

आणि माझ्या बापाचं, अपाचं, नि दोन्या तोमासाचं भांडण म्हणजे काय साधंसुधं! मी लहान असताना तिची एक टर्की आमच्या कोवळ्या मक्यात शिरली. अपानं ती पकडून आमच्या खुराड्यात कोंडली. म्हणे, बाईला जरा अद्दल घडू दे. सकाळी खुराड्यात नुसती पिसं. अपा म्हणाला, कोयोटानं, रानकोल्ह्यानं, नेली. दोन्या तोमासा म्हणाली, कसला कोयोट, त्यांनीच खाल्ली. आता आमचं दुर्दैव असं, की त्याच रविवारी आमच्या घरी माझ्या चर्चच्या विधीचं जेवण होतं, आणि जेवणात मोले, म्हणजे मिरच्यांचा दाट रस्सा, होतं, आणि मोलेत टर्की होती. अपा शपथेवर सांगतो की ती बाजारातून आणली होती. तेव्हापासून मधल्या भिंतीपलीकडून शिव्या येतात, आणि अपा तिचं नावही घेत नाही. ‘ती पलीकडची’ म्हणतो.

त्या संध्याकाळी मी सांगणार होते. खरंच सांगणार होते.

शाळेत माझा आवाज आता मालिन्चे डोंगराला ऐकू जातो. पहिल्या वर्षी मी हजेरी दिली तरी पुढच्या बाकावर पोचत नव्हती. मग लुसेरो बाईंनी मला सोमवारच्या झेंड्याच्या तुकडीत घातलं, आणि तेही हुकूम देणारी म्हणून! ‘पोटातून ओरड, सित्लाली, घशातून नको,’ म्हणायच्या. वर्षभर मी मक्याच्या शेतात उभी राहून ‘तुकडीss, सावधान!’ करून खेचरं बुजवली. आता मी हुकूम दिला की मैदानात झोपलेलं कुत्रंसुद्धा उठून उभं राहतं. पण घरात, अपासमोर, तो आवाज कुठं जातो देव जाणे.

अपा चुलीजवळ बसून तोर्तियात, मक्याच्या चपातीत, मिरची गुंडाळत होता. आज भलताच खुशीत.

“सित्ला, तुझ्यासाठी पाद्रिनो बघितलाय. खताच्या दुकानाचा तेओदुलो. स्वताचा ट्रक हाय त्येचा! उद्याच जातो विचाराया.”

“अपा, मी...”

“लाजू नगं. मानूस मोठा हाय, पन आपल्याला वळखतो.”

“तसं नाही अपा, मी एकीला...”

“तिखट झालं का गं?” अमानं मध्येच विचारलं.

“नाही अमा,” मी म्हणाले, आणि सांगायचं ते तोर्तियाबरोबर गिळून टाकलं.

दुसऱ्या दिवशी अपा हिरमुसला होऊन परतला. तेओदुलोला दरवर्षी इतके जण विचारतात, की तो आता भेटवस्तू पाठवून देतो. स्वतः येत नाही. अपानं नको म्हटलं.

“पोरीनं काय भेटीच्या डब्याचा हात धरून चालायचं?” तो अमाला म्हणाला. “तुझी बहीण येईल. तिलाच उभी करू.”

अमा मान हलवत चुन्यात शिजवलेला मका धुवत होती. धुऊन झाला की ती तो बादलीत घालून गावाच्या पार टोकाच्या गिरणीवर नेते, उन्हातून, गिरणी आमच्या गल्लीतच असताना. कारण गल्लीतल्या गिरणीवाल्या क्लेतानं एकदा सगळ्या रांगेसमोर म्हटलं होतं, की ओफेलियाच्या, म्हणजे अमाच्या, मक्याला चुन्याचा वास मारतो. तेव्हापासून दोघींत बोलणं नाही. पण ते असो. तेव्हाही मी सांगू शकले असते. नाही सांगितलं.

भिंतीपलीकडं मात्र रोज काहीतरी चाललेलं. दोन्या तोमासा शिवणवालीकडं गेली. दोन्या तोमासानं निळी शाल धुऊन दोरीवर टाकली आणि टर्क्यांनी खराब करू नये म्हणून काठी घेऊन खाली बसून राहिली. आणि सगळ्यात भीतीदायक म्हणजे, भिंतीपलीकडून शिव्या यायच्या थांबल्या.

“बाईला बरं न्हाई का काय?” अपा दाढी करता करता म्हणाला. जरा काळजीतच होता बिचारा.

नोएमी मला शाळेत कोपऱ्यात ओढून म्हणाली, “तिला जाऊन सांग ना, गंमत होती म्हणून. फार तर बडवेल.”

“शाल बघितलीस तिची? एका कोपऱ्यावर फाटलं होतं, तिथं तिनं बसून फूल भरलंय. मी नाही सांगणार.”

“मग घरी सांग!”

“सांगते.”

“कधी?”

“सांगते म्हटलं ना! तू वर्ग झाड आधी.”

आणि शुक्रवार उजाडला.

मालिन्चेवर ढग बसलेले, खाली ऊन. मका कमरेला लागला होता आणि शाळेच्या वाटेवरची पांढरी भुसभुशीत माती नव्या बुटांवर बसत होती. फाटकावर कागदी पताका, आत बँडवाले बाजे पुसतायत, पोरं पाद्रिनो-माद्रिनांचे हात धरून ओळीत. अपा नव्या टोपीत, अमा इस्त्रीच्या झग्यात. मावशी मागून येत होती.

आणि फाटकाशी, हातात भलामोठा पांढऱ्या फुलांचा गुच्छ, अंगावर निळी शाल, पायांत चमकणारे बूट, दोन्या तोमासा.

अपा जागीच थबकला. “ही हितं कशाला?”

गाव बघत होतं. आमच्या गावाला असल्या गोष्टीचा वास तिखटाच्या फोडणीसारखा लागतो. बँडवाल्यांनीही बाजे खाली ठेवले.

“तिलाच इचार,” दोन्या तोमासा म्हणाली. तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि एका क्षणात तिला कळलं. “पोरी, घरी सांगितलं न्हाईस तू?”

मी मान हलवली. तिचा चेहरा असा पडला, की मला तिच्या शिव्या परवडल्या असत्या.

“मग ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली, आणि गुच्छ माझ्यापुढं धरला. “फुलं घे. मी काय कुनाच्या घरचं मोले खाया आले न्हवते. इतक्या वर्सांत कुनी बोलावलं न्हवतं, म्हनून आले.”

ती वळली. आणि तो आवाज आला. पोटातून. मी बोलावला नव्हता, त्याचा तोच आला.

“थांबाss!”

दोन्या तोमासा थांबली. फाटकातली दोन पोरं सवयीनं टाचा जुळवून सावधान झाली. कुत्रं उठलं.

“अपा, मी त्यांना विचारलं. त्या हो म्हणाल्या. आधीच सांगायला हवं होतं, माझी हिंमत झाली नाही. आता झाली. ह्या माझी माद्रिना. मी आत जाईन तर त्यांचाच हात धरून जाईन.”

अपा लाल झाला, मग पांढरा झाला. मिशी थरथरली. त्यानं गावाकडं पाहिलं, गावानं त्याच्याकडं. मला वाटलं, आता हा मागं फिरतो.

तेवढ्यात अमा शांतपणे म्हणाली, “एवारिस्तो, टोपी काढा. कोमाद्रेसमोर टोपी घालून उभं ऱ्हात्यात व्हय? एका टर्कीपायी किती वर्सं भांडायचं मानसानं?”

अपानं टोपी काढली. हळू, जणू ती डोक्याला चिकटली होती. पण काढली.

आम्ही आत निघालो. दोन्या तोमासाचा हात खरखरीत होता.

“पैज व्हती न्हवं?” ती ओठ न हलवता म्हणाली. “त्या दोघी निवडुंगामागं बसलेल्या, मला दिसत व्हत्या.”

“होती,” मी म्हणाले. “आता नाही.”

“मान वर कर मग. माझ्यासंगं चाललीयास तू.”

मग काय सांगू! नोएमीला नाटकाचं बक्षीस मिळालं, तर ती स्टेजवर इतकी रडली की बाईंना वाटलं अजून नाटकच चाललंय. पलीकडच्या मळ्यातला हाकोबो तिन्ही वर्षं रोज डोंगर उतरून आला, एक दिवस चुकला नाही, म्हणून त्याला उभं केलं, आणि सगळ्यात मोठ्या टाळ्या त्यालाच पडल्या. यारेत्सीनं बिया उगवून दाखवल्या. आणि शिकलेलं गावासमोर करून दाखवायची माझी पाळी आली, तेव्हा मी हातात एक काठी घेऊन शाळा आणि चर्च यांमधल्या चौकात उभी राहिले. काठीची सावली आणि चर्चच्या मनोऱ्याची सावली मोजून मनोऱ्याची उंची सांगायची होती.

नेमका ढग आला. सावली गायब. गाव हसायला लागलं.

“सूर्याला सावधान म्हन की!” कुणीतरी ओरडलं.

मी तशीच उभी राहिले. पूर्वीची मी असते तर पळाले असते. ढग सरकला, ऊन पडलं, मी मोजलं, फळ्यावर हिशेब मांडला आणि आकडा सांगितला. मनोऱ्यावर घंटा वाजवणारा म्हातारा चोन दोर घेऊन बसलेलाच होता. मी वर हाक दिली, “सोडाss!” दोर खाली आला, मुख्याध्यापकांनी तो सगळ्यांसमोर मोजला. वीतभर फरक निघाला.

“दोर भिजून ताणलाय!” वरून चोन ओरडला. “पोरीचंच बराबर!”

टाळ्यांच्या गडबडीत मला अपा दिसला. टोपी छातीशी धरून शेजारच्याला सांगत होता, “आवाज माझ्याकडून घेतलाय तिनं.”

“तुमच्याकडनं?” दोन्या तोमासा म्हणाली. “भिंतीपलीकडनं माझं ऐकून ऐकून शिकली पोर.”

अपा हसला नाही. पण मिशी हलली.

शेवटी गळाभेटीची वेळ आली. दोघांनी एकमेकांना असं धरलं, जसं तापलेलं भांडं धरतात. डोक्यांवर रंगीत कागदाचे तुकडे पडले. “को...” अपा म्हणाला. पुढचं त्याच्या घशात अडकलं. मला ती जागा चांगली माहीत होती.

जेवण आमच्याकडं. रिवाजच आहे तो. आणि जेवणात, दुसरं काय असणार, मोले. अमानं टर्कीचा सगळ्यात मोठा तुकडा दोन्या तोमासाच्या ताटात वाढला. तिनं तोर्तिया बुडवली, घास घेतला, डोळे मिटून चावला. 

“ह्या मोलेची चव,” ती म्हणाली, “वळखीची वाटती.”

अपाचा घास हवेतच राहिला.

“कोयोट व्हता तो,” तो म्हणाला. “आईशप्पत कोयोट व्हता, कोमाद्रे!”

शब्द सुटला. अपालाही तो सुटल्यावरच कळला.

“असंल की, कोम्पाद्रे,” दोन्या तोमासा म्हणाली. “मी पन बघितला व्हता. लई दांडगा कोयोट. टोपी घालनारा.”

आधी मावशी हसत सुटली, मग अमा, आणि मग अपा असा हसला की ठसका लागून त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दोन्या तोमासानं त्याच्या पाठीत दोन दणके घातले. गरजेपेक्षा जरा जोरातच.

अमा तर पोट धरून हसत होती. “बाई बाई! केवढ्याशा गोष्टीवरनं मानसं बोलनं टाकत्यात!”

मी उभी राहिले. आवाज पोटात होता, घशात नव्हता. आता मला तो सापडला होता.

“अपा, अमा, मी एक ठरवलंय. मी ऊआमांत्ला शहरातल्या पुढच्या शाळेत नाव घालणार. पहिल्या गाडीनं जाईन, संध्याकाळच्या गाडीनं येईन.”

अपानं डोळे पुसले. अमाकडं पाहिलं, मग नव्या कोमाद्रेकडं. “सावलीवरनं मनोरा मोजती म्हटल्यावर,” तो म्हणाला, “आता न्हाई कोन म्हननार?”

“माझं संपलं नाही अजून,” मी म्हणाले. “तिथंही शेवटी निरोपाचा कार्यक्रम असतो. तिथंही माद्रिना लागते. तीसुद्धा मी आत्ताच ठरवली आहे, आणि उद्या सकाळी जाऊन विचारणार आहे. अमा, हसून घे पोटभर. ती आहे आपल्या गल्लीतली गिरणीवाली क्लेता.”