आमेनच्या आधी

कवळ्या बनवणाऱ्या माणसाच्या घरात दाताकडे बघायला त्यालाच सवड नाही, असं म्हटलं तर लोक हसतील. पण त्या घरात नेमकं तेच चाललं होतं.

त्याच्या कामाच्या खोलीत फळीवर निम्म्या शहराचे जबडे प्लास्टरमध्ये ओळीनं मांडलेले असायचे. माणूस त्याला चेहऱ्यापेक्षा जबड्यावरून लवकर ओळखू यायचा. कुणाची कवळी बोलताना टकटक करते, कुणाची शिंकेसरशी सुटते, हे त्यानं झोपेतही सांगितलं असतं. फक्त एकुलत्या एक लेकीचा खालचा पुढचा दात हलतोय, ही बातमी त्यानं नुसती ऐकली होती. दात पाहिला नव्हता.

चूक त्याचीच. "तुझा पहिला दात मीच काढणार. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही," असं त्यानं मोठ्या तोऱ्यात सांगून ठेवलं होतं, आणि लेकीनं ती काळ्या दगडावरची रेघ मानली. आजी दोरा घेऊन आली, तिला हिनं परत धाडलं. आई रुमाल घेऊन आली, तर हिनं ओठ असे घट्ट मिटले की दुपारचं जेवणही राहिलं.

"पप्पा, बघता का?"

"उद्या नक्की."

आठवडाभर उद्याच चालू होता. रविवारी चर्चमध्ये बापमंडळींचा मेळावा होता आणि 'बापानं मुलांसाठी वेळ काढावा' या विषयावर बोलायचं काम त्याच्या गळ्यात पडलं होतं. ते पाळकसाहेबांनी सोपवलेलं. त्यांना नाही म्हणणं त्याला जमत नसे. त्यांची वरची कवळी त्याच्याच हातची होती. ते हसले की आपलंच काम आपल्याकडे बघून हसतंय, असं त्याला वाटे. रोज संध्याकाळी तो दार लोटून भाषणाची तयारी करायचा.

दार किलकिलं झालं की म्हणायचा, "आत्ता नको, बाळा. मी मुलांना वेळ देण्याबद्दल विचार करतोय."

"करा, करा," बाहेरून बायको म्हणायची. "तिच्या लग्नापर्यंत होईल ना करून?"

रविवारी भाषण झकास झालं. लोकांनी डोळे पुसले. खजिनदारांनी तर गहिवरून शेजारच्या माणसाला सांगितलं, की आज मुलाशी दोन शब्द बोलायचेच. शेजारचा माणूस त्यांचा मुलगाच होता.

मग मागच्या हॉलमध्ये लांब टेबलांवर जेवण मांडलं. सूपमधून वाफा निघत होत्या. बायको त्याच्या कानाशी लागली.

"अहो, दात नुसता लोंबतोय. पहिल्या घासाबरोबर पोटात जाणार. मग बसा काढत."

"प्रार्थना झाली की लगेच."

"तुमची प्रार्थना होईपर्यंत तिला अक्कलदाढ येईल."

ती उगीच बोलत नव्हती. जेवणाआधी दोन शब्द म्हणायला तो उभा राहिला की आजारी, परीक्षेला बसलेले, प्रवासाला निघालेले, चर्चचं गळकं छप्पर, कुरकुरणारा माइक, कुणीच सुटायचं नाही. सगळ्यांनी माना खाली घातल्या, डोळे मिटले. त्यानंही मिटले.

तो प्रवाशांपर्यंत पोचला आणि कोटाला खालून हिसका बसला. त्यानं दुर्लक्ष केलं.

"आणि हे प्रभू, आमच्या लेकरांकडे पाहण्यासाठी आम्हांला..."

दुसरा हिसका. त्यानं एक डोळा उघडला.

लेक तोंड उघडून उभी होती. दात आडवा झाला होता आणि पडू नये म्हणून जिभेनं त्याला खालून तोलून धरलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती रडत नव्हती. रडली असती तर दात निसटला असता.

"आम्हांला..." तो पुन्हा म्हणाला. त्यानं तिला उचललं आणि बुटांचा आवाज न करता बाजूच्या दारानं बाहेर नळापाशी नेलं. हात धुतले. गुडघे टेकून बसला.

"दुखेल?" तिनं जीभ न हलवता कसंबसं विचारलं.

"काय माहीत. मी आजवर बसवलेत, काढले कुठे?"

तिला हसू फुटलं, आणि तेवढ्यात दात त्याच्या चिमटीत आला. तांदळाच्या दाण्याहून जरासा मोठा, मूळ जवळजवळ विरघळून गेलेलं. हिरडीतून नव्या दाताची करवतीसारखी कड डोकावत होती. त्यानं हजारो दात घडवले होते. असा उगवताना एकही पाहिला नव्हता.

"परत उघड. अजून. इकडे, उजेडाकडे."

"पप्पा, सगळे गप्प का?"

त्यानं खिडकीतून पाहिलं. आत सगळे अजून माना खाली घालून, डोळे मिटून बसले होते. आमेन झालंच नव्हतं! त्याचा गळा दाटून आला असावा, असं समजून दोघा-तिघांनी रुमालही काढले होते. पाळकसाहेबांचा एक डोळा उघडा होता, तो सूपवर. बायको डोळे मिटून गालातल्या गालात हसत होती.

"पप्पा, आत जाऊन आमेन म्हणा ना. त्यांचं सूप गार होतंय."

आत गेलं की कुणीतरी हात धरणार, कुणीतरी भाषणाबद्दल बोलणार, हे त्याला ठाऊक होतं.

"मला अजून तुझी वरची ओळ बघायचीय," तो म्हणाला. "तूच म्हण."

तिनं खिडकीचे गज धरले, टाचा उंचावल्या.

"आमेन!"

आत एकदम चमच्यांचा खणखणाट सुरू झाला.

"हं," तो म्हणाला, "आता आ कर."