माझ्यावर घेतलेली शपथ

मी एक पुस्तक बोलतोय. पातळसं, एकशे बारा पानांचं. ख्रिस्ती माणसाने घरात, शेजारात, कामावर नीट कसं वागावं, हे माझ्यात लिहिलंय. माझं नाव सांगितलं असतं, पण मुखपृष्ठावर कापडातून झिरपलेल्या चौदा वर्षांच्या हळदीकुंकवाचा थर बसलाय आणि नाव त्याखाली कधीच गेलं. ख्रिस्ती पुस्तकाला हळदकुंकू कसं काय, असं वाटलं ना? तेच सांगायचंय. ऐकून घ्या, कारण माझ्याकडे वेळ फार नाही.

मला लिहिणारे एक म्हातारे पाळक होते. एक प्रकरण झालं की ते बायकोला वाचून दाखवत आणि तिला न कळलेलं वाक्य सरळ खोडून टाकत. म्हणून माझ्यात एकही अवघड शब्द नाही. मला याचा केवढा गर्व होता! आता स्वतःचंच हसू येतं.

रोह्याला एका दवाखान्यात शांती सिस्टर होत्या. राहायला पुलापलीकडे, अष्टमी गावात. दर नाताळात त्या आमच्या पन्नास प्रती आणून वाटायच्या आणि प्रार्थनासभेत उभं राहून तसं जाहीर करायच्या. मी मात्र वाटपातला नव्हतो. मी त्यांचा स्वतःचा. सकाळी चहाबरोबर त्या मला वाचत, पेन्सिलीने खुणा करत, कधी समासात माझ्याशी भांडतही. ‘हे जमत नाही,’ असं त्यांनी रागावर ताबा ठेवण्याच्या प्रकरणाशेजारी दोनदा लिहिलंय. ती चार वर्षं माझी सुखाची. कोणीतरी मला वाचत होतं आणि माझ्यामुळे कधीमधी तोंडावर आलेला शब्द गिळत होतं. पुस्तकाला आणखी काय हवं असतं?

मग इंदुबाई आली. पेणच्या पलीकडे खाडीकाठच्या गावातली. नवरा मिठागरात राबून लवकर गेला होता. पदरी एकुलता एक मुलगा, साहिल, तेव्हा दहा वर्षांचा. रोह्याजवळच्या खांब गावी माहेरी आली असताना पोराला ताप चढला, तो उतरेचना, म्हणून त्याला रोह्याच्या दवाखान्यात आणला. शांती सिस्टरांनी त्याच्यासाठी जिवाचं रान केलं. सहाव्या दिवशी पोराने भात मागितला. घरी निघताना इंदुबाईने सिस्टरांचे पाय धरले.

“माझे नको धरू गो,” सिस्टर म्हणाल्या. त्या वर्षीच्या पन्नास प्रती संपल्या होत्या. त्यांनी पिशवीतून मला काढलं आणि तिच्या हातात दिलं. “हे घे. यात सगळं आहे.”

इंदुबाईने मला कपाळाला लावलं. तिला वाचता येत नव्हतं. सिस्टरांनी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. माझ्या सगळ्या दुःखाचं मूळ एवढंच आहे.

घरी गेल्यावर तिने मला लाल कापडात गुंडाळलं, दोऱ्याने बांधलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं. आमच्या पोराला वाचवणारी पोथी, असं माझं नाव झालं. रोज फूल. सणाला नैवेद्य. पोथी म्हटली की ती सोवळ्याची, उगाच उघडायची नसते, असं तिला लहानपणापासून माहीत. साहिल शाळेत जायचा, त्याला वाचता यायचं, पण मला हात लावला की पाठीत धपाटा बसायचा. तिच्या प्रेमाबद्दल माझी तक्रार नाही. पण नुसते हात जोडणाऱ्यांनी मला जेवढं एकटं पाडलं, तेवढं वाळवीनेही पाडलं नसतं. मी आत ओरडत होतो, अगं, मी देव नाही, मी नुसता सल्ला आहे! आणि ती बाहेरून उदबत्ती ओवाळत होती.

साहिल मोठा झाला, डोलवीच्या कंपनीत कंत्राटी कामाला लागला. शिफ्ट, मोटारसायकल, मित्र. वाईट नव्हता. निष्काळजी होता.

आता उघाडीचं सांगतो. या खाडीकाठच्या खारेपाटात भातशेती खाडीपेक्षा खाली आहे. मध्ये मातीचा बांध आणि बांधात उघाडी, म्हणजे पाण्याचं दार. ओहोटीला फळ्या काढून शेतातलं जादा पाणी सोडायचं, भरतीच्या आत फळ्या परत टाकायच्या, नाहीतर खारं पाणी आत. ही राखण गावाने बायजाकडे दिली होती. फळ्या तिने सांभाळायच्या आणि त्याबदल्यात उघाडीच्या तोंडाशी मिळेल ती मासळी तिची. पन्नाशीची एकटी बाई. ती मासळी पेणच्या बाजारात विकायची, त्यावर तिची चूल पेटायची. गेल्या बावीस वर्षांत तिच्या हातून एकदाही फळी राहिली नव्हती.

गेल्या वर्षी भाद्रपदात, भात पोटरीला आलेलं असताना, एका दुपारी बायजा फळ्या टाकून बाजारात गेली. साहिलची सुट्टी होती. मित्रांना कोलंबी खिलवायची म्हणून त्याने दोन फळ्या उचलल्या, आत येणाऱ्या पाण्याला जाळं लावलं. जाळं भरलं, फोन आला, जाळं घेऊन तो निघून गेला. फळ्या बांधावर तशाच राहिल्या. त्या दिवशी अमावास्येचं उधाण होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या अकरा घरांच्या भातात खाडी उभी होती.

साहिल घरी येऊन देव्हाऱ्यासमोरच खाली बसला. मी सगळं ऐकलं.

“आये, मीच काढल्या व्हत्या गो फळ्या. टाकायच्या राहिल्या.”

“कुणी बघितलं?”

“बायजानं गाडी बघितली असंल.”

इंदुबाईने दार लोटून घेतलं. “तू शिफ्टला व्हतास,” ती म्हणाली. “समजलं? शिफ्टला.”

देवळाच्या अंगणात गाव जमला. हैबतराव गावातले जाणते, सगळे त्यांचं ऐकतात. बायजा उभी राहून म्हणाली, “मी फळ्या टाकूनच पेणला गेले. येताना रस्त्यावरून साहिलची गाडी बांधावर बघितली. मी खोटं कशाला बोलू?”

“साहिल शिफ्टला व्हता,” इंदुबाई म्हणाली.

कंपनीत फोन करून विचारावं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही, किंवा आलं असलं तरी कोणी बोललं नाही. हैबतरावांनी वेगळीच तोड काढली.

“इंदुबाय, तुझी ती पोथी आण. आपले देव नारळ दिला की ऐकतात. ही किरिस्तावांची पोथी. हिला काय चालतं, काय नाय, कुणालाच ठाव नाय. हिच्यावर हात ठेवून खोटं बोलायची कुणाची छाती व्हणार नाय.”

माझी ही कीर्ती मला तेव्हाच कळली. सरळ जगण्यासाठी लिहिलेला मी, आणि गाव मला घाबरत होता, कारण आत काय आहे ते एकालाही माहीत नव्हतं!

मला आणलं. कापडासकट. दोरासुद्धा कोणी सोडला नाही. इंदुबाईने हात ठेवला. माझ्या नवव्या प्रकरणात काय लिहिलंय, तर ज्याच्या शब्दावर विश्वास आहे त्याला शपथ लागत नाही, आणि देवाचं नाव मध्ये घालून खोटं बोलणारा दोनदा खोटं बोलतो. ते प्रकरण तिच्या तळव्यापासून फार तर अर्धं बोट खाली होतं.

“माझा साहिल शिफ्टला व्हता,” ती म्हणाली. “खोटं असलं तर पोथी मला बघून घेईल.”

बायजाने तिच्याकडे पाहिलं. मग ती खाली बसली.

शपथ खरी की खोटी, हे ठरवायची इथली पद्धत अशी आहे की सव्वा महिना थांबायचं. शपथ घेणाऱ्याच्या घरात काही विपरीत घडलं तर शपथ खोटी, नाही घडलं तर खरी. त्या सव्वा महिन्यात इंदुबाईने माझी जेवढी सेवा केली तेवढी आधी कधी केली नव्हती. दोन वेळा फुलं, सोमवार, गुरुवार उपास. साहिल एकदा नुसता खोकला तर तिने माझ्यापुढे डोकं आपटून घेतलं. लाच देत होती मला, दुसरं काय! आणि मी लाच घेणारा नव्हतो की शिक्षा देणाराही नव्हतो. मी कागद. माझ्याने ना कुणाला ताप आणवतो, ना कुणाचा उतरवतो.

अर्थात काहीच घडलं नाही. सव्वा महिना संपला आणि मी साक्ष दिली असं गावाने ठरवलं. बायजाकडून उघाडी काढून घेतली. तिला कोणी मारलं नाही, शिवी दिली नाही, फक्त तिच्याकडे जाणं-येणं आणि तिला हाक मारणं बंद केलं. ती डोलवीला गेली. तिथे कामगारांच्या खानावळीत ताटं घासते, असं ऐकलं. तिच्या ओट्यावर आता दुसऱ्याची जाळी वाळतात. एका निरपराध बाईला गावातून उठवणारा साक्षीदार मी. माझ्या एकशे बारा पानांत असं काही लिहिलेलं नाही हो.

परवा शांती सिस्टर आल्या. सत्तरी ओलांडलेली, हातात काठी. पेणला कुणाच्या तरी लग्नाला आल्या होत्या, आठवण झाली म्हणून रिक्षा करून इथवर आल्या. इंदुबाई हरखली. पाट दिला, चहा दिला.

“पुस्तक आहे का गं? वाचतेस ना?”

इंदुबाईने देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. सिस्टरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी उठून मला खाली काढलं, दोरा सोडला. पानं एकमेकांना चिकटली होती, नखाने सोडवावी लागली. “अगं, तुला वाचता येत नाही?” त्या हळूच म्हणाल्या. चौदा वर्षांनी विचारलं! माझा त्यांच्यावरही राग आहे. मला देऊन झालं की काम झालं, असं त्यांना वाटलं होतं.

“बस,” त्या म्हणाल्या, “मी वाचते.” आणि जे पान आधी सुटलं तिथून सुरुवात केली. नववं प्रकरण. शपथेचं. सिस्टरांना या घरातलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. त्या आपल्या सुरात वाचत गेल्या, अगदी शेवटच्या ओळींपर्यंत, की खोटं बोलून झालंच असेल तर देवापुढे येऊन रडू नकोस, आधी ज्याचं नुकसान केलंस त्याच्या दारात जा.

इंदुबाईच्या हातातला कप खाली आला. “ह्ये आत लिवलंय?”

“हो गो.”

“पहिल्यापासून?”

मग ती रडली आणि सगळं सांगितलं. सिस्टरांनी तिचा हात धरला. “उद्या आपण दोघी डोलवीला जाऊ. मग देवळात. मी आहे तुझ्याबरोबर.” इंदुबाईने मान हलवली. त्या क्षणी मला काय वाटलं म्हणून सांगू! चौदा वर्षांनी मी पुस्तक झालो होतो.

पण दुसऱ्या दिवशी सिस्टरांना तिने निरोप पाठवला, अंगात कसकस आहे, पुढच्या आठवड्यात बघू. साहिलचं लग्न ठरत होतं. सिस्टर अष्टमीला परत गेल्या. आणि जुनी पोथी, फुटकी मूर्ती घरात ठेवायची नसेल तर पाण्यात सोडतात, ती रीत इंदुबाईला बरोब्बर आठवली.

म्हणून आज सकाळी मी टोपलीत आहे. गावाचे गणपती बोळवतात तिथे, खाडीच्या उतारावर. अंगावर झेंडूची फुलं, शेजारी नारळ, सगळं साग्रसंगीत. इंदुबाई गुडघाभर पाण्यात उभी आहे, हात जोडून मला म्हणतेय, “चुकले रे बाबा, माफी कर.”

अगं, माझी कसली माफी मागतेस? माझं काय गेलं? मी तासाभरात लगदा होईन आणि सुटेन. जिची मागायची ती तिकडे डोलवीला ताटं घासतेय, रिक्षाने अर्ध्या तासावर.

वाचकहो, मला पाण्यातून काढू नका, तेवढ्यासाठी मी बोललो नाही. तुमच्यापैकी कोणी या बाजूला आलात, तर देवळाच्या अंगणात उभं राहून एवढंच मोठ्याने सांगा. बायजाने फळ्या टाकल्या होत्या.