मिशी काढायला सांगणारा गायक

माझी धाकटी लेक रेवा लग्न होऊन डोंगराखाली राहायला गेली, त्याच वर्षीच्या ऑगस्टात कोय टॅकेट माझ्या गिटारी बनवायच्या शेडमध्ये आला. कंट्री गाणी म्हणणारा; व्हर्जिनियात रेडिओ असलेल्या प्रत्येक घरात त्याचा आवाज पोचलेला. त्याला स्वतःच्या नावाच्या बारा गिटारी हव्या होत्या. बाराच. घडण आम्ही दोघांनी मिळून ठरवायची.

"ऑर्व्हलकाका, कागद करून आणलाय. वाचा आणि सही करा."

मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. असलं काही रेवा वाचून दाखवायची. "बघतो," म्हणून मी कागद खिळ्यांच्या डब्याखाली सारला.

गिटारीच्या पोटातल्या पट्ट्या कशा तासायच्या हे मी तीस वर्षांत बोटांनी शिकलो होतो. माझ्याकडे चोरण्यासारखं तेवढंच होतं, आणि एका कारखान्याने पूर्वी त्यासाठी माणूस धाडलाही होता. तसलाच हा दुसरा, असं मी धरून चाललो.

टॅकेट रोज यायचा. मी बोलू लागलो की डोळ्यांत न बघता तोंडाकडे बघायचा. वाजवताना गिटारीच्या कडेवर जबडा टेकायचा, पाठीवर तळहात दाबायचा.

"पाठ अजून पातळ करा, काका. आणि ती मिशी काढा हो! तोंड आहे की झुडूप?"

"मिशीचं तुला काय करायचंय?"

तो नुसता हसला.

"माणूस बरा वाटतो," माझी बायको व्हेस्टा म्हणाली.

"चोर असाच बरा वाटतो. हाताने जाडी मोजतोय तो."

मग मीही डाव टाकला. पहिल्या गिटारीची पाठ मुद्दाम जाड ठेवली, पट्ट्या वेड्यावाकड्या तासल्या. म्हटलं, ने आता ही कारखान्याला. टॅकेटने ती छातीशी धरून तारा छेडल्या आणि त्याचा चेहरा उतरला. "काहीच येत नाही, काका." मला मनातून गुदगुल्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी तो नवी फळी निवडायला लाकडाच्या ढिगाशी वाकला. खालून खुळखुळ्या सापाची शेपटी वाजू लागली. आमच्याकडे रांगतं पोरसुद्धा त्या आवाजाला थिजतं, आणि टॅकेट तर पलीकडच्याच खोऱ्यातला. व्हेस्टा दारातून किंचाळली. तो निवांत हात आत घालत होता. मी कॉलर धरून त्याला मागे खेचलं आणि फावड्याने साप ठेचला.

साप त्याला तेव्हा कुठे दिसला. ओठ दिसावेत म्हणून मी मिशी बोटांनी वर सारली. "तुला ऐकू येत नाही?"

"कागदात तेच तर लिहिलंय! महिना झाला की तुम्हाला देऊन."

"मला वाचता येत नाही," मी म्हणालो. बाहेरच्या माणसाला हे पहिल्यांदाच सांगत होतो.

मी डब्याखालचा कागद काढला, त्याने तो वाचून दाखवला. कान जवळजवळ गेलेत. हे कुणाला कळता कामा नये, नाहीतर कार्यक्रम बंद होतील. पाठ इतकी पातळ हवी की सूर बरगड्यांना कळावा. पट्ट्यांची घडण ऑर्व्हल स्टॅम्परचीच राहील, कुणाला दाखवायची नाही.

मी आधी मिशी काढली. मग त्या पहिल्या गिटारीची पाठ उचकटून चार दिवस तासत बसलो. आमच्याकडचे फिडलवाले आपल्या व्हायोलिनात टाकतात तसा त्या सापाच्या शेपटीचा खुळखुळा आत टाकला. टॅकेटने गिटार छातीशी धरली, तार छेडली आणि डोळे मिटले.

"आला," तो म्हणाला.

पुढच्या हिवाळ्यात रेवाने मला अक्षरं शिकवली. बाराव्या गिटारीत लिहिलेलं टॅकेटचं नाव माझ्या हातचं आहे.

कोय टॅकेट १९७३ च्या मार्चमध्ये वारला. तोवर त्याच्या कानांचं मी कुणाला सांगितलं नाही.