आर्टिस्टाचा पडता खेळ

"तुझ्या सासऱ्याला डॉक्टरकडे ने. तो सोंग करत नाहीये," असं बापा आम्बो मला म्हणाले, तेव्हा मी माझ्या लेकीच्या, निंग-निंगच्या, तोंडाला लागलेलं केळं पुसत होते. मी हसले. "तुम्ही पण ना, बापा," म्हणाले आणि तिचा दुसरा गाल पुसायला घेतला.

माझ्या बाजूनं एवढंच सांगते, की बापा आम्बोंचं, म्हणजे आम्बोकाकांचं, बोलणं मनावर घेणारं माणूस आमच्या गावात अजून जन्माला यायचंय. बिलियर्डसारख्या पूलच्या टेबलावर समोरच्याचं चित्त उडवणं हा त्यांचा जोडधंदा. एकाला ऐन नेम धरताना त्यांनी काळजीनं विचारलं होतं, "तुझे डोळे असे पिवळे कधीपासून रे?" तो सामना हरला तो हरला, वर काविळीची तपासणी करून आला. डोळे ठणठणीत होते. दुसऱ्याला म्हणाले, "धूर तुमच्याच गल्लीतून येतोय ना?" आणि आता रविवारी गावजत्रेच्या, फिएस्टाच्या, स्पर्धेत उपांत्य सामना होता त्यांचा आणि माझ्या सासऱ्यांचा. अशा माणसानं सामन्याच्या तोंडावर येऊन सासऱ्याच्या तब्येतीची चौकशी केली, तर सून काय करणार?

माझे सासरे क्रिसांतो युमुल. मी त्यांना तातांग म्हणते, गाव आर्टिस्टा म्हणतं. सिनेमातला नट असतो ना, तो. हे नाव खेळावरून नाही पडलं, न खेळण्यावरून पडलं. तरुणपणी ते क्यू, म्हणजे पूलची काठी, फडक्यात गुंडाळून आख्ख्या पांपांगा प्रांतात फिरायचे. परक्या गावात केरसुणी धरावी तशी क्यू धरायची, समोरचा बॉल चुकवायचा, स्वतःच्याच बुटावर खडू सांडायचा. लोकांना दया यायची. दया आली की पैज वाढायची. पैज पुरेशी वाढली, की तातांगच्या हाताला अचानक गुण यायचा. लग्न ठरलं तेव्हा हे सगळं मला सासूबाईंनी सांगितलं होतं, एखाद्या पूर्वजाचं सैन्यातलं शौर्य सांगावं तशा थाटात.

तेव्हा आमच्याकडे कुणी चांगला खेळाडू एकाएकी वाईट खेळायला लागला, तर त्याला बरं नाही असं कुणाच्या मनातही येत नाही. तो आपला खेळ लपवतोय, हे शेंबडं पोर सांगेल. कारण फिएस्टाच्या स्पर्धेत सूट असते. जो भारी, त्यानं समोरच्याला काही डाव आधीच देऊन टाकायचे. म्हणून शहाणा माणूस सुरुवातीच्या फेऱ्यांत जेमतेम जिंकतो. ही सूट ठरवणाऱ्या समितीचे प्रमुख कागावाद फेलिनो. ते गावपंचायतीवर निवडून आलेले सभासद, म्हणजेच कागावाद, आहेत आणि वस्तीतल्या दिव्यांपासून कुत्र्यांपर्यंत सगळ्या समित्यांवर आहेत. पूलमधलं त्यांना कुत्र्यांइतकंच कळतं.

पहिल्या फेरीत तातांग मजेत पुढे होते. मग पॉकेटच्या तोंडाशी बसलेला बॉल, जो माझ्या निंग-निंगनं फुंकरीनं घातला असता, तो त्यांनी चुकवला. पुढच्या खेपेला क्यू पांढऱ्या बॉलला लागलीच नाही. बास्केटबॉलच्या कोर्टावर टेबल मांडलेलं, भोवती अर्धं गाव. आणि मग जो हशा पिकला.

"आर्टिस्टा, इतक्यात नको. सेमीफायनलला ठेव थोडं."

"म्हातारा झाला, पण सोंग बघा अजून तरुण आहे."

थोडा वेळ ते असेच शिकाऊ पोरासारखे खेळले. मग पाणी प्यायले, खुर्चीत बसून राहिले, उठले आणि टेबल साफ केलं. सामना जिंकला. लोकांनी ताटल्या वाजवल्या.

दुसऱ्या सामन्यात हातातून क्यू पडली. उचलून देणाऱ्याला ते काहीतरी म्हणाले ते कुणालाच कळलं नाही, म्हणून सगळे आणखीनच हसले. आमच्या शेजारणींचा मात्र वेगळा निदानवर्ग होता. एक म्हणाली, खेळून तापलेले हात गार पाण्यानं धुतले, नसा बिघडणारच. दुसरी म्हणाली, प्रेक्षकांत कुणाच्या तरी बुडावर जन्मखूण असणार, तसला माणूस पाठीशी उभा राहिला की बॉल पॉकेटात जात नाही. यावर बराच शोध झाला. सुदैवानं तोंडीच.

मीही काही मागे नव्हते. मानसशास्त्राची पदवी आहे माझ्याकडे, ती काय भिंतीवर लावायला? मुलगा जहाजावर, बायको गेलेली, माणसाला लक्ष हवं असतं, आणि लक्ष मिळवायची सगळ्यांत जुनी सवय पुन्हा वर येते, असं मी रोमेलला फोनवर समजावून सांगितलं. समुद्रावरून तो म्हणाला, "तू म्हणतेस म्हणजे असेल." नवऱ्यानं इतक्या चटकन मान्य केलं, तिथंच मला शंका यायला हवी होती.

सांगायची गंमत म्हणजे मी काळजी करणारी बाई आहे. निंग-निंग झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरते. ताप नसताना ताप मोजते, आणि नाही निघाला की थर्मामीटर बिघडला म्हणते. घरातल्या सगळ्यांत धडधाकट माणसावर माझा असा दिवसरात्र पहारा होता.

तातांगना मी विचारलंच नाही असं नाही. जेवताना म्हटलं, "तातांग, खरं सांगा. काय चाललंय?"

त्यांनी डोळा मारला. "थोडी ॲक्टिंग, पोरी. लोकांना आवडतं."

"क्यू पण मुद्दाम टाकली?"

"अगं, टाकायची म्हणजे अशी टाकायची की टाकली असं वाटू नये. शिकवून येत नाही ते."

आणि भात चिवडत बसले. आयुष्यभर येत असताना येत नसल्याचं सोंग केलेला माणूस. आता येत नव्हतं, तर सोंग करत असल्याचं सोंग. म्हातारा म्हणून हसण्यापेक्षा लबाड म्हणून हसलेलं त्यांना परवडत होतं.

शनिवारी समितीनं निकाल दिला. कागावाद फेलिनो माइक हातात घेऊन म्हणाले की क्रिसांतो युमुल यांचं वागणं खिलाडूवृत्तीला धरून नाही. ते आपला खेळ लपवतात हे समितीच्या सूक्ष्म नजरेनं हेरलंय, सबब सेमीफायनलमध्ये ते समोरच्याला दोन डाव देतील. म्हणजे ज्याचा हात चालत नाही, त्याला हात चांगला चालतो म्हणून दंड. टाळ्या पडल्या. तातांग उठून नटासारखे वाकले.

रविवारी दुपारी मी निंग-निंगला मांडीवर घेऊन अगदी पुढच्या बाकावर बसले. तिला नुकतंच 'क्लोज-ओपन' यायला लागलं होतं. आमच्याकडे दात यायच्या आधी पोरांना हे येतं: दोन्ही हात पुढे, मुठी मिटायच्या, उघडायच्या, मिटायच्या, उघडायच्या. आजोबा खुर्चीत येऊन बसले की ही हात पुढे करणार, तेही टेबलापलीकडून दोन्ही हात पुढे करणार. प्रत्येक डावानंतर हेच. बापा आम्बो वैतागले.

"सांतो, खेळायला आलास का बाळ सांभाळायला?"

"दोन डाव दिलेत ना तुला? बाकीच्या वेळात मी काय करायचं?"

"ते दोन परत घे. मला नकोत. तुझा चेहरा नीट नाहीये आज."

"तुझा कधी नीट होता?"

लोक हसले. तातांग खरंच सुंदर खेळत होते. एकेक डाव फेडत त्यांनी बरोबरी केली. मग सातचा बॉल सरळ समोर होता. त्यांनी नेम धरला, आणि क्यू घसरून टेबलाचं कापड ओरखडत गेली.

आहाहा. काय तो जल्लोष. कुणीतरी ओरडलं, "बेस्ट ॲक्टर." कागावाद फेलिनोंनी माइकवरून समितीचा अंदाज कसा अचूक होता याकडे सर्वांचं लक्ष वेधलं. तातांग चालत खुर्चीकडे आले, बसले. निंग-निंगनं हात पुढे केले. क्लोज, ओपन.

त्यांचा डावा हात वर आला. मिटला, उघडला. उजवा मांडीवर पडून होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. बसमध्ये शेजारच्या झोपलेल्या माणसाचा हात आपल्या मांडीवर यावा, तसं पाहिलं.

निंग-निंगनं पुन्हा हात नाचवले. पुन्हा एकच हात.

हा माणूस गावाला फसवेल, समितीला फसवेल, मला तर जेवता जेवता फसवेल. पण दहा महिन्यांच्या पोरीला फसवून त्याला कसली सूट मिळणार होती?

मी तिला कडेवर घेऊन टेबलापाशी गेले. "तातांग, दुसरा हात."

"येतोय," ते म्हणाले. म्हणजे तसंच काहीसं. शब्द ओठाच्या एका कोपऱ्यातून ओघळला.

"ताई, बाजूला व्हा," फेलिनोंचा माइक म्हणाला. "सामना चालू असताना खेळाडूला बाहेरून सल्ला देता येत नाही."

"मी सल्ला देत नाहीये, दवाखान्यात नेतेय."

"उठले तर हरले असं धरावं लागेल. नियम सगळ्यांना सारखा."

तातांगनी खुर्चीचा दांडा डाव्या हातानं घट्ट धरला. उठणार नव्हते ते. गळ्यापर्यंत बुडालेला माणूसही समितीसमोर हरायला तयार नसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात बापा आम्बोंनी आपली क्यू टेबलावर आडवी टाकली. "मी हरलो. लिहून घ्या. जिंकलास रे सांतो, आता तरी ऊठ." आणि माझ्याकडे वळून, "बघतेस काय, ट्रायसिकल-रिक्षा बोलाव."

आम्ही दोघांनी त्यांना दोन बाजूंनी धरून नेलं. मागे गर्दीत तोवर उलगडा झालेला होता. "दोघं मिळालेले आहेत," कुणीतरी सांगत होतं. "म्हातारे पक्के मुरलेले." ट्रायसिकलवाला आम्हाला बघून म्हणाला, "आर्टिस्टा, कुठल्या सीनला सोडू?" बापा आम्बोंनी त्याला जे उत्तर दिलं, ते बाळासमोर देण्यासारखं नव्हतं. पण गाडी पळाली.

डॉक्टर तरुण होती. तिनं सगळं विचारून घेतलं. असं आधी झालं होतं? झालं होतं. किती वेळ राहायचं? थोडाच, मग पूर्ववत. ती म्हणाली, मेंदूकडे जाणारं रक्त क्षणभर अडतं, मग सुटतं, माणूस पहिल्यासारखा होतो. याला आम्ही पक्षाघाताचा इशारा म्हणतो. तुम्ही काय समजत होता?

"खेळ," मी म्हणाले.

या खेपेची रक्ताची गाठ आपोआप सुटली नव्हती. पण वेळेत आणलं म्हणून ती औषधानं विरघळली. आणखी तासभर टाळ्या वाजवत बसलो असतो तर उजवी बाजू गेली असती, बोलणंही. आता हात येतोय. शर्टाची बटणं लागतात, पण वेळ लागतो. 'र' अजून नीट निघत नाही.

वॉर्डात भेटायला आख्खी वस्ती आली, संत्री घेऊन. निम्मे जण कानाशी लागून विचारून गेले, "आता कुणी नाहीये, आम्हाला तरी सांग." कागावाद फेलिनो फुलं आणि निर्णय घेऊन आले. सामना अर्धवट राहिल्यामुळे दोघेही बाद. तातांगनी डाव्या हातानं त्यांना सलाम ठोकला. फेलिनो जाता जाता मला हळूच म्हणाले, "जबरदस्त निभावतायत."

हे लिहिताना तातांग पलीकडे खिडकीशी बसलेत. मघाशी विचारलं, "बरं वाटतंय?" तर म्हणाले, "उत्तम." त्यांच्या 'उत्तम'वर माझा आता विश्वास नाही, म्हणून मी उठून समोर जाऊन बसले आणि त्यांनी चहाचा कप पूर्ण संपवेपर्यंत बघत राहिले. त्यांनी शिव्या दिल्या. त्याही नीट ऐकल्या.

तुमच्याकडेही असेल असं कुणी. विसरलं की गंमत केली म्हणणारं, अडखळलं की सगळ्यांना हसवणारं, ज्याच्या पडण्यावर घरानं टाळ्या वाजवायची सवय करून घेतलीय. फोन करू नका, फोनवर सगळे उत्तमच असतात. आज जा, समोर बसा, आणि हसायच्या आधी एकदा नीट बघा.