हेल्मेटचा रंग

गोपाळराव सरपंचांनी पुतळ्याच्या चेहऱ्याकडे धड पाहिलंही नाही. कारखान्यात शिरल्या शिरल्या ते मूर्तिकार गणपतरावांना म्हणाले, "हेल्मेट हिरवं करून द्या."

सरिता चपापली. तो अर्धपुतळा तिच्या नवऱ्याचा, नागसेनचा होता. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत असताना गेल्या वर्षी दक्षिण सुदानमध्ये, निर्वासितांच्या छावणीच्या फाटकावर त्याला गोळी लागली. सावनेर तालुक्यातल्या त्याच्या गावानं चौकात पुतळा बसवायचं ठरवलं आणि नागपुरात राहणाऱ्या सरितावर देखरेखीचं काम सोपवलं. फोटो दाखवून निळा रंग तिनंच जुळवून घेतला होता.

"हिरवं काहून?" तिनं विचारलं. "त्या फौजेचं हेल्मेट निळंच असते, भाऊ."

"मले माहीत आहे. गावाले कोन सांगन? पुतळ्याचा फोटो आला तवापासून गावचा व्हॉट्सॲप ग्रुप पेटून राहिला. जवानाच्या नावावर वस्तीनं चौकात निळा झेंडा रोवला म्हणतेत."

"हा फिका आहे ना पण," गणपतराव मध्येच बोलले. "झेंड्याचा गडद असते. माह्याकडे दोन्ही डबे आहेत."

"डबे घेऊन गावभर फिरू का मी?" सरपंच उखडले.

सरिताचे सासरे धम्मानंद सिमेंटच्या पोत्यावर बसले होते. "गोपाळ, गोळी लागली तवा पोराच्या डोक्यावर हेच निळं होतं गा. तवा गाव म्हणे, आमचा जवान."



हा रंग नागसेननंच तिला समजावून सांगितला होता, निघण्याआधी बॅग भरताना. युद्ध थांबल्यावर देखरेखीला माणसं पाठवायला संयुक्त राष्ट्रांनी अठ्ठेचाळीस साली सुरुवात केली. ते बिनहत्यारी निरीक्षक होते. छप्पन साली सुएझच्या भांडणात पहिल्यांदा हत्यारबंद फौज गेली, अनेक देशांची मिळून. कोण कुठला ते दुरून ओळखू येईना. निळ्या टोप्या बनवून घ्यायला वेळ नव्हता, म्हणून हेल्मेटांवर निळा रंग मारला. मध्ये उभ्या राहणाऱ्या माणसावर कोणी गोळी झाडू नये, एवढ्यासाठी. "त्याच वर्षी आजोबानं नागपुरात दीक्षा घेतली," नागसेन हसत म्हणाला होता. "आपण अन् हे, दोघंही छप्पनमध्येच निळे झालो वं."

"हिरवं नको तर सोनेरी करा," गोपाळराव म्हणाले. "मारामारी नको म्हणून पोलीस ठाण्यात शांतता समिती बसली, तिथं तेही ठरलं. सगळा पुतळाच सोनेरी."

"पुढाऱ्यासारखा?" सरिताचा आवाज चढला. "शांतता राखायले गेला तो माणूस. अन् तुमच्या शांततेले त्याचं हेल्मेटच खुपते? करा सोनेरी. पण मंग खालचं नावही काढा. तो नागसेन नाही."

आता तरी सरपंच शरमतील, असं तिला वाटलं. गोपाळरावांच्या कपाळावरची आठी मात्र एकदम गेली. "म्हणजे नुसतं 'वीर जवान'?" त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "चालते न. चांगलं सुचवलं, बाई. मंग कोनाचीच तक्रार नाही राहत."

"मी सुचवलं नाही!"

"काय बोलून बसली वं तू, सरिता," धम्मानंद पुटपुटले. सरपंच तोवर फोनवर बोलत बाहेर गेले होते.

आठवड्यानं ग्रामपंचायतीच्या ठरावाची प्रत आली. 'वीरपत्नीच्या विनंतीवरून पुतळ्याखालील नाव वगळण्यात येत आहे. ठराव एकमताने मंजूर.' सरितानं सरपंचांना फोन लावला.

"मी रागानं म्हटलं होतं, भाऊ. अन् कुठं सही तं केलीच नाही."

"तुम्ही म्हटलं तवा तुमचे सासरे होते न हजर," गोपाळराव नरमाईनं म्हणाले. "अन् रागानं म्हटलं का खुशीनं, हे ठरावात लिहाची सोय नाही, बाई. अनावरणाले या मात्र. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतो. तिच्यावर तुमचं नाव चिकटवून ठेवाले सांगितलं आहे."